पंच मंडळी, त्या पोराच्या कागदावर एक सही करा

आमच्या गल्लीच्या पंच मंडळींना, युवक मंडळाला, आणि वडगाव, शहापूर, खासबाग, अनगोळ, जिथं जिथं गल्लीत पंच बसतात त्या सगळ्यांना माझा नमस्कार.

गल्लीचं नाव मी मुद्दाम घातलेलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच, आणि बाकीच्यांनी आपल्याच गल्लीचं समजून वाचलं तरी चालेल, कारण असं पोर अख्ख्या बेळगावात एकच आहे असं थोडंच आहे. कुणाला नावं ठेवायला लिहीत नाही. मी लग्न होऊन या गल्लीत आले त्याला २८ वर्षं झाली, तुमच्यातल्या अर्ध्या लोकांना मी भावजी म्हणते, तुमच्या घरच्या बारशाला, लग्नाला, मयताला सगळ्याला आलेली बाई आहे. खरं तीन वेळा मी मीटिंगला येऊन उभी राहिले आणि तिन्ही वेळा "बघूया वैनी, पुढच्या वेळी विषय घेऊ" एवढंच झालं, म्हणून आता सगळ्यांपुढं लिहिते.

विषय तुम्हाला माहीत आहे. आमच्या साडीच्या मागाच्या खोलीत राहतो तो पोरगा. तो गल्लीत राहतो असं तुमच्या सही शिक्क्याचं दोन ओळींचं पत्र त्याला पाहिजे.

गेल्या वर्षीचा जून. आपल्याकडं पाणी कधी सुटतं ते मी सांगायला नको, २००८ साली दहा वॉर्डांत चोवीस तास पाणी आलं आणि आपण अजून पहाटे उठून घागरी लावतोय, ते असू दे. साडेचारला मी नळावर आले, पाऊस लागून होता, आणि मंदिराच्या कट्ट्यावर कोणतरी झोपलेलं दिसलं. मला वाटलं पिऊन पडलाय कोणीतरी. जवळ गेले तर धड मिशी न फुटलेलं पोर, सॅक छातीशी घट्ट धरलेली आणि पायात चप्पल तशीच. चप्पल घालून झोपलं होतं. पुढं कधीतरी मी विचारलं तर म्हणाला, "काढून ठेवली की नेतात मावशी, आणि कोण उठवून हाकललं तर पायात असलेली बरी."

त्या दिवशी मी काही बोलले नाही. माझी दुसरी घागर भरली तसा तो उठला, काही न विचारता उचलली, आमच्या दारात आणून ठेवली आणि परत कट्ट्यावर जाऊन बसला. मी चहा दिला. दुसऱ्या दिवशी भाकरी दिली. त्याच आठवड्यात कट्ट्याला ग्रिल बसवायचं ठरलं, आठवतंय ना? ग्रिल बसलं, कुलूप लागलं, आणि त्या रात्री पाऊस असा कोसळत होता की आमच्या पत्र्याखाली एकमेकाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. तो समोरच्या बंद दुकानाच्या फळीला पाठ लावून उभाच होता, बसायला कोरडी जागा नव्हती. आमचे मालक खिडकीतनं दोनदा बघून आले आणि मग छत्री घेऊन गेले आणि त्याला घेऊनच आले. लोक म्हणतात वैनींनी पोर आणून ठेवलं, तसं नव्हं, मालकांनी आणलं. म्हणाले, "माग गेला तशी खोली रिकामीच आहे, झोपू दे तिथं."

ती खोली तुमच्यातल्या पुष्कळांनी बघितली आहे. दोन माग होते आमचे. सूत महाग झालं, सुरतची स्वस्त साडी आली, लॉकडाउनमध्ये तयार माल घरात पडून राहिला, आणि शेवटी मालकांनी दोन्ही माग भंगारवाल्याला वजनावर घातले. ज्या मागावर पोरीचं शिक्षण झालं, लग्न झालं, तो माग काट्यावर तोलताना मी आत जाऊन बसले होते. आता खोलीत जमिनीवर तेलाचे काळे डाग आहेत, बोल्ट होते तिथं चार चार भोकं आहेत आणि वर वाशांना अजून सुताचा भुरा चिकटलेला आहे, कितीही झाडला तरी पडतो. त्या दोन डागांच्या मधे त्यानं चटई टाकली. सकाळी बघते तर चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी, त्यावर सॅक, जणू कधीही निघायला सांगतील म्हणून तयार. वर्ष झालं, अजून तशीच ठेवतो. कपडे लावायला मी खुंटी मारून दिली, खुंटीला फक्त टॉवेल असतो.

कोणाचा कोण, हा तुमचा पहिला प्रश्न होता. सांगते. खानापूर तालुक्यातला, जंगलाकडच्या गावचा. आई लहानपणी गेली, बापानं दुसरं लग्न केलं आणि लांब गेला, आजीनं वाढवला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये जो पाऊस झाला त्यात आजीच्या मातीच्या घराची मागची भिंत बसली आणि मग छप्परच बसलं. तेव्हा सरकारनं पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख जाहीर केले होते, आपल्या सगळ्यांना आठवतं, खरं घर आजोबाच्या नावावर, आजोबा मरून कितीतरी वर्षं झालेली, वारसा लागलेला नाही, उतारा नीट नाही, आजी कागद घेऊन फिरत राहिली. मग मामाच्या पडवीत राहिले दोघं. पोरगं नववीत असताना आजी वारली आणि पडवी मामाला पाहिजे झाली. तिथून पोरगं गोव्याला. आपल्या भागातली पोरं काम नसलं की गोव्यालाच जातात, त्यात नवीन काही नाही, हॉटेलात भांडी घासली, भाजी चिरली, तिथंच मागं खोलीत झोपला. पावसाळ्यात तिकडं धंदा बसतो, मालकानं पोरं कमी केली, हा रेल्वेनं परत आला आणि बेळगावात उतरला. खानापूरला का नाही उतरलास म्हटलं तर म्हणाला, "तिथं कोण आहे?"

आला तेव्हा त्याला १८ पूर्ण होऊन चार महिने झाले होते. हे चार महिने मी विसरू शकत नाही, आणि हीच गोष्ट मला सगळ्या गल्ल्यांना ओरडून सांगायची आहे. मी चौकशी करायला गेले तेव्हा मला हळूहळू कळलं. १८ च्या आतलं पोर असेल तर त्याच्यासाठी २०१५ चा बाल न्याय कायदा आहे, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला की लोक येतात, जिल्ह्याची बाल कल्याण समिती असते ती त्याची सोय बघते, बालगृहातनं १८ पूर्ण करून बाहेर पडलेल्या पोराला पुढं २१ पर्यंत मदत करायची सोय नियमात आहे, फारच अडचण असेल तर आणखी दोन वर्षं, आणि केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत महिन्याला ४००० रुपये धरलेले आहेत. खरं त्यासाठी आधी ते पोर कुठंतरी नोंदलेलं पाहिजे. हा पंधराव्या वर्षी एकटा पडला तेव्हा गावात, शाळेत, मामाच्या शेजारी, हॉटेलात, एवढ्या लोकांनी बघितला आणि एकानंही फोन केला नाही, कोणाला माहीत नसेल, कोणाला वाटलं असेल आपल्याला कशाला पाहिजे. म्हणून सरकारच्या वहीत तो कधी अनाथ झालाच नाही. आणि १८ नंतर तो मोठा माणूस. मोठा माणूस म्हणजे काय तर बस स्टँडवर झोपला तर पोलिसानं उठवायचा माणूस.

म्हणून सांगते, कट्ट्यावर, स्टँडवर, हॉटेलात, १८ च्या आतलं पोर एकटं दिसलं तर त्याच दिवशी १०९८ लावा. उद्या नको.

मोठ्या माणसासाठी काय आहे तेही बघितलं. बेकार पोरांसाठी राज्य सरकारचा युवा निधी आहे, खरं ते डिग्रीवाल्याला ३००० आणि डिप्लोमावाल्याला १५००, आठवी पास पोराला त्यात जागा नाही. रेशन कार्ड घराचं असतं, त्याचं घर नाही, आजीच्या कार्डावरचं नाव गेलेलं, आमच्या कार्डावर लागत नाही. बेघरांच्या निवाऱ्याचा केंद्राचा नियम एक लाख वस्तीला शंभर माणसांची सोय असा आहे, २०११ च्या जनगणनेत आपलं शहर पावणेपाच लाखाच्या वर होतं, तो हिशोब महापालिकेकडं मागायचा तो मागूच. खरं निवाऱ्यात रात्र जाते, उद्या कारखान्याच्या गेटवर कोणीतरी "कुठं राहतोस, कोण ओळखतं तुला" विचारणारच आहे.

आणि तिथंच सगळं अडतं. आपल्याकडं काम कमी आहे हे मी तुम्हाला काय सांगू, मागवाले रिक्षा चालवतात, आमचे मालक ज्या हातांनी जरीचा काठ उतरवायचे त्या हातात आता सिक्युरिटीची काठी आहे. उद्यमबागेतल्या कारखान्यांत ऑर्डर असली की शिफ्ट वाढते, नसली की पहिला हेल्पर घरी बसतो. जेव्हा काम एक आणि दारात दहा जण असतात तेव्हा कारखान्याचा मालक काय करतो? ओळखीचा घेतो. मी त्याला दोष देत नाही, मीसुद्धा तेच केलं असतं. पोरगा रोज सकाळी उद्यमबाग, मच्छे, होनगा, एकेक गेट करत फिरला. गेटवर बोर्ड असतो, हेल्पर पाहिजेत. आत गेला की कंत्राटदाराचा माणूस आधार बघतो, आधारवर खानापूरच्या पडलेल्या घराचा पत्ता. "इथं कुठं राहतोस?" एका मावशीकडं. "तुझी मावशी?" नाही. संपलं. एका ठिकाणी घेतला, पीएफसाठी आधारचा ओटीपी पाहिजे म्हणाले, ओटीपी गेला मामाच्या फोनवर कारण नंबर तोच जोडलेला, आणि मामा फोन उचलेना. ते पुढं आम्ही सेंटरला जाऊन अंगठा लावून नंबर बदलून घेतला, तोपर्यंत ती जागा गेली होती.

आता माझी चूक सांगते, ती लपवून तुमच्याकडं सही मागणं बरं नाही. फेब्रुवारीत, आठ महिने झालेले, मालकांचा पगार अडकलेला, सिलिंडर संपलेला, पोरीचा फोन आलेला की बाळाला दवाखान्यात नेलंय, आणि हा संध्याकाळी आला, पाय धुतले आणि म्हणाला आज पण नाही. मी म्हटलं, "मग किती दिवस असंच?" एवढंच. तो हो म्हणाला. जेवला नाही, पोट भरलंय म्हणाला. सकाळी चटई गुंडाळलेली होती आणि वर सॅक नव्हती. खुंटीवरचा टॉवेल धुऊन दोरीवर वाळत घातलेला.

चार दिवस मालक आणि मी स्टँड, स्टेशन, गोवावेस, भाजी मार्केट पालथं घातलं. लोकांना फोटो दाखवायला माझ्याकडं त्याचा एक फोटो नव्हता. आठ महिने घरात जेवलेल्या पोराचा एक फोटो नाही, गणपतीत सगळे सेल्फी काढतात त्यात पण तो नाही कारण तो काढत होता ना बाकीच्यांचे. पाचव्या दिवशी भाजी मार्केटात पहाटे पोती उतरवताना मालकांना दिसला. मालकांनी काही विचारलं नाही, म्हणाले, "चल, वैनी जेवली नाही." खोटं होतं ते, मी जेवत होते, घास जात नव्हता एवढं खरं. आला. त्या दिवसापासून मी "किती दिवस" हा शब्द तोंडातनं काढलेला नाही, आणि तेव्हापासून तो रात्री दोनला मार्केटला जातो, पोती उतरवतो, सहाला येतो. गाड्या आल्या तर पैसे, नाही आल्या तर नाही. महिन्याचे घरात हजार देतो, मी नको म्हटलं तर मालक म्हणाले घे, घेतले नाहीस तर तो अजून पाहुणाच राहील.

मालकांचे बाकीचे नियम पण तुम्हाला माहीत असू देत, कारण पंचांतल्या एकानं विचारलं होतं की उद्या काही केलं तर जबाबदार कोण. पहिल्याच आठवड्यात मी पोलीस ठाण्यात जाऊन त्याच्या आधारची झेरॉक्स आणि आमच्या घरचा पत्ता साध्या कागदावर लिहून देऊन आले. मार्केटचं सोडून बाहेर असेल तर दहाच्या आत घरी. दारू नाही, गुटखा नाही. मिळालेल्या पैशातले निम्मे पोस्टात. हे सगळं त्यानं पाळलंय. जबाबदार कोण, तर आम्ही दोघं, लिहून घ्या.

आता सहीचं. आधारवरचा पत्ता बदलायला त्याच्याकडं लाइट बिल नाही, भाडेकरार नाही, आमचा तो कोण नाही. त्यासाठी आधारवाल्यांचा ठरलेला फॉर्म आहे, फोटो लावायचा, आणि त्यावर गॅझेटेड ऑफिसर, तहसीलदार, आमदार, नाहीतर नगरसेवक यांनी सही शिक्का करून द्यायचा की हा माणूस इथं राहतो. सही झाली की तीन महिन्यांच्या आत सेंटरला द्यायचा. एवढं सोपं आहे. मी फॉर्म भरून नगरसेवकांकडं गेले. ते चांगलं बोलले, बसवलं, चहा दिला, आणि म्हणाले, "अक्का, मी त्याला ओळखत नाही, तुमच्या पंचांनी लेटरपॅडवर लिहून दिलं की हा वर्षभर गल्लीत राहतोय, वागणूक चांगली आहे, की लगेच करतो." त्यांचंही चुकलं नाही. म्हणजे सगळं फिरून तुमच्याकडं आलं, त्या दोन ओळींच्या पत्राकडं. आणि तुम्ही म्हणता विषय पुढच्या वेळी घेऊ.

घाई का करते तेही सांगते. मार्केटातनं आला की तो झोपत नाही, व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पळायला जातो. आपल्या शहरात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, पोरं तिथं लागावीत म्हणून आपण नवस करतो. अग्निवीरात ट्रेड्समनला आठवी पास चालतं, मेस कीपर, हाउस कीपर अशी पदं असतात आणि या पोराचे हात हॉटेलात तयार झालेले आहेत. छाती बसते, उंची बसते, पळण्याचा टाइम तो हातावर पेननं लिहून आणतो आणि मला दाखवतो, कालच्यापेक्षा किती सेकंद कमी. मला त्यातलं कळत नाही, मी छान म्हणते. खरं भरतीला रहिवासी दाखला लागतो, वर्तणुकीचा दाखला लागतो, तोही फोटोवर सही करून दिलेला आणि सहा महिन्यांच्या आतला. आणि वयाची अट आहे, एकविशीच्या आसपास ते दार बंद होतं. तो आता १९ चा आहे. एकदा चार महिन्यांनी त्याचं एक दार बंद झालं, दुसरं आपल्या मीटिंगा पुढं ढकलून बंद होऊ नये एवढंच म्हणते मी.

तुमच्यातले वडीलधारे काय म्हणतात ते मला माहीत आहे, आज एकाला दिलं की उद्या चार येतील. येऊ देत की. वर्षाला चार पोरं अशी आली तर गल्लीत दीडशे घरं आहेत. सगळ्यांनी घरात घ्या असं मी म्हणत नाही, प्रत्येकाकडं रिकामी खोली नसते आणि तरण्या पोरी घरात असल्या की आईबाप विचार करणारच, मी केला असता. घर एकानं द्यायचं असतं. ओळख मात्र एकट्याला देता येत नाही, ती गल्लीनंच द्यावी लागते. मी कितीही ओरडून सांगितलं की पोर चांगलं आहे तरी ते एका बाईचं बोलणं, आणि पंचांनी सांगितलं की ते गल्लीचं बोलणं.

गेल्या गणपतीत मंडप घालताना मंडळाच्या पोरांनी त्याला हाक मारली, वासे उचलायला, वर चढून दोऱ्या बांधायला. रात्री दीडपर्यंत वर होता. तेव्हा कोणी कोणाचा कोण विचारलं नाही आणि मला किती बरं वाटलं होतं त्या रात्री, मी दारात उभी राहून बघत होते, खालून सगळे त्याला नावानं हाक मारत होते. तेच नाव कागदावर लिहायचं आहे फक्त.

आणखी एक लिहिते, ते लिहू का नको असं दोन दिवस चाललं होतं. आमच्या सासूबाई सांगायच्या, १९८६ साली कन्नड सक्तीच्या आंदोलनात हिंडलग्याला गोळीबार झाला, माणसं गेली, त्या दिवसांत पोलीस मागं लागलेली पोरं गल्ल्यागल्ल्यांतनं पळत यायची आणि बायका दार उघडायच्या. आमच्या या मागाच्याच खोलीत दोन पोरं दोन रात्री होती, माग चालू ठेवला होता म्हणे, खटाखटीत बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून. कुठल्या गावची, कुणाची, सासूबाईंना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. जाताना एकानं पाया पडून सांगितलं की मी आमक्या गावचा, आणि त्या म्हणाल्या नको सांगू, विसरायला होत नाही मग. आपण १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतो, सीमाभागातल्या ८६५ गावांचं नाव घेतो, १७ जानेवारीला हुतात्म्यांना हार घालतो. आपला पत्ता कुठला हे दुसऱ्यानं ठरवलं की काय वाटतं ते बेळगावच्या माणसाला कोणी शिकवायला नको. त्या पोराला तर पत्ताच नाही. आणि हे मी मराठी पोर म्हणून मागत नाही, तो कन्नड असता तरी मालकांनी छत्री घेऊन आणलाच असता, आमच्या शेजारच्या कन्नड अक्कांनी त्याला तापात चार दिवस पेज दिली आहे.

तुमच्यातल्या दोघा-तिघांची उद्यमबागेत युनिटं आहेत, त्यांना वेगळं सांगते. अप्रेंटिसचा १९६१ चा कायदा आहे, २०१९ च्या नियमाप्रमाणं ३० किंवा जास्त माणसं असली की अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, आणि ३० पेक्षा कमी असली तर चार माणसांपासून पुढं घेता येतात. दहावी नापास, आठवी पास पण चालतात, त्यांचा स्टायपेंड नियमात ठरलेला आहे. म्हणजे उपकार मागत नाही, जागा आहेत त्यातली एखादी अशा पोरांना धरून ठेवा जी गेटवर मामा-काकाचं नाव सांगू शकत नाहीत. भरती नाहीच झाली तर लेथवर उभं राहायला शिकलेला बरा, पोती किती वर्षं उचलणार, आताच कंबर धरून उठतो सकाळी.

मंडळाच्या खोलीचंही मनात आहे. वर्षातले अकरा महिने तिला कुलूप असतं, आत मखर आणि ताडपत्री. पावसाळ्यात कुणी कट्ट्यावर सापडला तर चार रात्री तिथं झोपवायचा, तोवर त्याची चौकशी करायची, किल्ली कोणातरी एकाकडं ठेवायची. खरं हा विषय नंतर काढते, नाहीतर या दुसऱ्या विषयावर बोलत बसाल आणि पहिला परत राहील.

रविवारी आरती झाल्यावर मीटिंग आहे असं कळलं, वर्गणीचा विषय आहे. मी येणार आहे, मालक पण ड्यूटी बदलून येणार आहेत, आणि पोराला पण घेऊन येते, लांबून बघून ओळख होत नाही. पत्राचा मजकूर मी दोन ओळींत लिहून ठेवलाय, तुम्हाला बदलायचा असेल तर बदला. फॉर्म भरलेला आहे, फोटो चिकटवलेला आहे, आता आहे माझ्याकडं त्याचा फोटो, चार कॉप्या काढल्या. सगळं दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून वर रबर लावून ठेवलंय, पावसाचं भिजू नये म्हणून. येताना घेऊन येते. शिक्का तेवढा कपाटातनं काढून ठेवा.

तुमची वैनी,
मागाच्या घरची